वाक्य ओवळं, पोरं सोवळी: 'द इनबिटवीनर्स' कशी बघावी

ब्रिटिश विनोद म्हटलं की आपल्याकडे मिस्टर बीन आठवतो, नाहीतर 'येस मिनिस्टर'. एक जण तोंडातून शब्द काढत नाही आणि दुसरीकडे साहेब लोक अदबीने एकमेकांचे पाय ओढतात. त्या सवयीने कुणी 'द इनबिटवीनर्स' लावली, तर पहिल्या पाच मिनिटांत रिमोट शोधायची वेळ येते. चार सोळा-सतरा वर्षांची पोरं, प्रत्येकाच्या तोंडी शिव्या, आणि बोलण्याचा विषय एकच. बाकी जे काही घडतं ते ओकारी, लघवी आणि चारचौघांत उतरलेली चड्डी यांच्या आसपास.

तरीही ही मालिका ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहे, आणि ती शिव्यांमुळे नाही. शिव्या तिथे पैशाला पासरी मिळतात. नव्याने बघणाऱ्याची गाडी अडते ती नेमकी इथेच. तो शिव्या ऐकत बसतो आणि गंमत शेजारून निघून जाते. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

आधी जुजबी माहिती

पहिला भाग १ मे २००८ ला 'ई-फोर' वाहिनीवर लागला. (महाराष्ट्र दिनाशी संबंध जोडू नये.) ई-फोर ही चॅनल फोरची तरुणांसाठी काढलेली वाहिनी. २००८, २००९ आणि २०१० अशी तीन वर्षं, दर वर्षी सहा भाग, म्हणजे एकूण अठरा. एकेक भाग पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेरचा. दोन रविवारांत उरकेल एवढाच पसारा आहे. डेमन बीस्ली आणि इयान मॉरिस हे दोघे लेखक, आणि स्वतःच्या पौगंडावस्थेतल्या बऱ्याच नामुष्क्या त्यांनी यात ओतल्या आहेत.

पोरं चार. विल हा चष्मेवाला, पुस्तकी बोलणारा, शाळेत नवा आलेला. सायमन कार्लीच्या प्रेमात लहानपणापासून बुडालेला. जे म्हणजे थापांची खाण. आणि नील, जो काहीही बोलतो आणि कुठल्याही गोष्टीने त्याचं काही बिघडत नाही. सायमन बर्ड, जो थॉमस, जेम्स बकली आणि ब्लेक हॅरिसन हे ते नट, याच क्रमाने. विल आणि सायमनच्या भूमिका करणारे दोघेही केंब्रिजच्या 'फूटलाइट्स' या नाट्यमंडळातून आलेले. पडद्यावरच्या वाह्यातपणामागची वेळेची अचूक जाण कुठून आली, ते यावरून कळावं.

पहिली पायरी: त्यांची शाळा समजून घ्या

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका, कारण निम्मे विनोद यावर उभे आहेत.

पोरं 'सिक्स्थ फॉर्म'मध्ये आहेत. आपल्या अकरावी-बारावीचं वय, पण ती वेगळ्या कॉलेजात जात नाहीत, शाळेतच राहतात. म्हणजे मिशा फुटलेल्या, पण बाथरूमला जायला परवानगी मागायची. शाळेचं नाव रज पार्क कॉम्प्रिहेन्सिव्ह. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे फी नसलेली सरकारी शाळा, आसपासच्या सगळ्यांना प्रवेश देणारी. विल आधी भरमसाट फीच्या खाजगी शाळेत होता. आईवडील वेगळे झाले, पैसा आटला आणि तो इथे येऊन पडला. पहिल्याच दिवशी हा पठ्ठ्या ब्लेझर घालून, हातात ब्रीफकेस घेऊन उगवतो. त्या ब्रीफकेसला एक शिवी जोडून त्याचं जे नाव पडतं, ते पुढे तीन वर्षं त्याला चिकटतं.

आपल्याला ती नुसती ब्रीफकेस दिसते. ब्रिटिश प्रेक्षकाला त्यात बापाचा पगार, घराचा पत्ता आणि आडनावाचं वजन असं सगळं एका नजरेत दिसतं. विल तोंड उघडतो तेव्हा त्याचे उच्चारही तेच सांगतात. त्याचं हसू होतं ते हुशारीमुळे नव्हे. आपण इथल्यांपेक्षा वरचे आहोत असं त्याला मनापासून वाटतं, आणि आता तसं काहीच उरलेलं नाही, याचं ते हसू आहे.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी गाडी चालवता येते आणि अठराव्या वर्षी दारू विकत घेता येते. ही पोरं या दोन वाढदिवसांच्या मधे लटकलेली आहेत. म्हणून गाडी मिळणं हा सण असतो आणि पबमध्ये पेला हातात पडणं हा पराक्रम. पहिल्या भागातला पबचा प्रसंग याच नियमावर चालतो. पब शाळेतल्याच पोरांनी भरलेला आहे आणि सगळे मोठे असल्याचं सोंग करताहेत. विलला दारू नाकारली जाते तेव्हा तो उभा राहून तिथल्या सगळ्यांची वयं जाहीर करून टाकतो. कायदा त्याच्या बाजूने आहे. बाकी सगळं जग त्याच्या विरोधात. विल म्हणजे काय चीज आहे ते त्या एका मिनिटात कळतं.

गावाचं नाव मालिकेत कधी सांगत नाहीत. चित्रीकरण वायव्य लंडनमधल्या रायस्लिपच्या एका शाळेत झालं, पण गोष्ट कुठल्याही ब्रिटिश उपनगराची आहे. सारखी घरं, सारखे रस्ते आणि संध्याकाळी करण्यासारखं काहीही नाही. या पोरांच्या सगळ्या भानगडी या रिकामपणातून निघतात.

दुसरी पायरी: जागा आणि सोबत

हॉलमधल्या टीव्हीवर लावू नका. आईबाबा शेजारच्या खोलीत असले तरी नको. ब्रिटनमध्ये असा मजकूर रात्री नऊनंतरच दाखवायचा असा नियम आहे. आपल्या घरात नऊला सगळे जेवायला बसलेले असतात, त्यामुळे तो नियम आपल्या उपयोगाचा नाही. हेडफोन लावा. मित्रांबरोबर बघणार असाल तर तिघं-चौघं पुरे. दहा जणांच्या घोळक्यात लोक शिवी आली की हसतात आणि मग पुढचं वाक्य बुडतं. गंमत नेमकी पुढच्या वाक्यात असते.

सोळाच्या आतल्या भावंडांना दाखवू नका, हे वेगळं सांगायला नको.

कुठे दिसेल? कोणती मालिका कोणत्या ॲपवर आहे हे भारतात सारखं बदलतं, तेव्हा बघायला बसाल त्या दिवशी शोधा. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या मंडळींना चॅनल फोरच्या स्वतःच्या ॲपवर शोधता येईल. खोलीतल्या ब्रिटिश पोरांशी ओळख वाढवायला यासारखं साधन नाही. एक प्रसंग काढा, ते पुढचा म्हणून दाखवतील.

तिसरी पायरी: सबटायटल लावा, अर्थ शोधत बसू नका

इंग्रजी सबटायटल लावाच. जे आणि त्याचा बाप ज्या वेगाने बोलतात तो आपल्या कानाला झेपत नाही, आणि नीलचं वाक्य बऱ्याचदा कुणाच्या तरी बोलण्याखाली दबून जातं. पण दर अनोळखी शब्दाला भाग थांबवून फोनवर अर्थ शोधू नका. जेच्या तोंडचे शब्द तुम्हाला कळले नाहीत तरी ते शरीराच्या कोणत्या भागाबद्दल आहेत हे त्याच्या हातवाऱ्यांवरून समजतंच. तेवढं पुरतं.

मागे हसण्याचा रेडिमेड आवाज नाही. कुठे हसायचं ते कुणी सांगणार नाही. 'फ्रेंड्स'वर वाढलेल्यांना पहिले दोन भाग यामुळे थोडे कोरडे वाटतात, पण लवकरच सवय होते.

चौथी पायरी: बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा

ही पायरी जमली तर बाकीच्या नाही जमल्या तरी चालेल.

दादा कोंडक्यांच्या सिनेमात वाक्य सोवळं असायचं आणि अर्थ ओवळा. प्रेक्षक हसला की दादा निरागस तोंड करून विचारणार, मी काय वाईट बोललो? इथे बरोबर उलटं आहे. वाक्य ओवळं आणि पोरं सोवळी. जे ज्या ज्या पराक्रमांची वर्णनं करतो त्यातला एकही त्याने केलेला नाही. ज्या मुलीबद्दल तो तासभर बोलतो, ती समोर आली तर त्याच्या तोंडून धड शब्द फुटत नाही. शिवी जितकी मोठी तितका अनुभव शून्य, असं साधं त्रैराशिक आहे.

म्हणून जे बोलायला लागला की कॅमेरा बाकीच्या तिघांकडे कधी वळतो ते पाहा. विलच्या चेहऱ्यावर 'ही थाप आहे' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सायमनला विश्वास नसतो, पण थोडा हेवा मात्र असतो. नीलला सगळं खरं वाटतं, आणि तो असा एक निरागस प्रश्न विचारतो की थापेचा डोलारा कोसळतो. मग जे आणखी मोठी थाप मारतो. हे चक्र एकदा डोळ्यांत बसलं की शिव्या कानाआड जातात.

याचा उत्तम नमुना पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात आहे. जेचे आईवडील कॅरव्हॅन क्लबचे सभासद आहेत. कॅरव्हॅन म्हणजे गाडीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर. तिथे काय काय चालतं याची जेने अशी रसभरीत वर्णनं केलेली असतात की बाकीचे तिघं मोठ्या आशेने त्याच्या कुटुंबाबरोबर निघतात. तिथे पोचल्यावर दिसतं ते कॅरव्हॅनवाल्या कुटुंबांचं साधंसुधं, मध्यमवयीन संमेलन. इथवर हा नेहमीचा विनोद झाला. पण त्याच भागात जेच्या बापाकडे नीट बघा. हा गृहस्थ पोराच्या मित्रांसमोर पोराची इतकी सालटी काढतो, तेही हसत हसत, की बघणाऱ्याला अवघडायला होतं. जे घरी जे गिळतो तेच शाळेत ओकतो. हे मालिका कुठेही उच्चारून सांगत नाही. कुणी पाठीवर हात ठेवत नाही, हळवं संगीत वाजत नाही. बाप पुढचा टोमणा मारतो आणि प्रसंग बदलतो. मला ही मालिका आवडायला लागली ती या बापामुळे.

दुसरी लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे विलचं निवेदन. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो मागून बोलतो, अगदी निबंधस्पर्धेच्या भाषेत. पडद्यावर कुणी कुणाच्या अंगावर ओकत असतं आणि कानात मात्र नेटकी, संयमित वाक्यं पडत असतात. सबटायटलवर डोळे खिळवून बसलात तर चित्र निसटतं, तेव्हा अशा जागा पुन्हा बघायला लाजू नका.

पाचवी पायरी: क्रम

पहिल्यापासून बघा. उड्या मारू नका, कारण मागे घडलेलं इथे पुसलं जात नाही. सायमनची गाडीच घ्या. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात त्याला लायसन्स मिळतं आणि घरच्यांकडून एक पिवळीधमक, डबीएवढी फियाट चिन्क्वेचेंतो. लाजेने त्याचा जीव जातो. चौघं ती घेऊन सरे परगण्यातल्या थॉर्प पार्क या मोठ्या करमणूक उद्यानात जातात आणि तिथे गाडीचं एक दारच उखडलं जातं. पुढच्या भागांत त्या पिवळ्या गाडीला लाल दार दिसतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. अधूनमधून बघणाऱ्याला ते नुसतं विचित्र रंगकाम वाटेल.

हाच तिसरा भाग तुमची परीक्षा आहे. रोलर कोस्टरच्या पुढच्या सीटसाठी रांग लावून बसलेला विल, आपली जागा दुसऱ्यांना मिळतेय असं दिसताच शिस्त आणि हक्क यावर तावातावाने बोलू लागतो. पुढे बसलेले लोक डाउन सिंड्रोम असलेले आहेत हे त्याला उशिरा कळतं. इथे तुम्ही कुणाला हसता? विलला हसत असाल तर मालिका तुम्हाला जमली. दोघांपैकी कुणालाच हसू शकला नाहीत, तर इथे थांबा, तुमची आवड वेगळी आहे आणि त्यात काही गैर नाही.

तीन सीझनमध्ये दुसरा सर्वात सरस, असं माझं मत. त्यातला दुसरा भाग, शाळेने लावून दिलेल्या कामाच्या अनुभवाचा, मी नव्या माणसाला हटकून दाखवतो. विलला वर्तमानपत्रात जायचं असतं. कागदपत्रांच्या घोळात ती जागा नीलला मिळते आणि विल जातो गॅरेजमध्ये, ग्रीसमध्ये हात घालायला. तो तक्रार घेऊन मिस्टर गिल्बर्टकडे जातो.

हे मिस्टर गिल्बर्ट म्हणजे सिक्स्थ फॉर्मचे प्रमुख, या मालिकेतलं रत्न. ग्रेग डेव्हिस हा सहा फूट आठ इंचांचा नट, विनोदवीर होण्याआधी खरोखरच बरीच वर्षं शाळेत शिकवायचा, आणि मुलांचा कंटाळा कसा करावा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गिल्बर्ट ओरडत नाही. विलचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतो, तुझं बरोबर आहे असंही सूचित करतो, आणि मग काहीच करत नाही. आपल्याकडे सरकारी खिडकीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल.

त्याच सीझनचा चौथा भाग, लंडनमधल्या रात्रीचा, लोकांच्या तोंडी सर्वात जास्त आहे. चालत्या गाडीतून जे बसच्या रांगेतल्या लोकांना शिवी हासडतो, आणि लगेच गाडी थांबायची वेळ येते. पुढे सायमनला बुटांमुळे क्लबात घेत नाहीत, म्हणून तो रस्त्यावरच्या एका बेघर माणसाशी बुटांची अदलाबदल करतो. ते बूट ओले असतात. कशाने, ते बघाच.

सहावी पायरी: किळस येईल, तिचं काय करायचं

घाण दोन प्रकारची आहे. एक तोंडातली, तिच्याबद्दल वर बोललो. दुसरी शरीराची. सायमन कार्लीच्या लहान भावाच्या अंगावर ओकतो. विल रात्रभर अभ्यास करून, एनर्जी ड्रिंक ढोसून परीक्षेला बसतो आणि पोट दगा देतं. फॅशन शोमध्ये सायमनच्या कपड्यांतून जे बाहेर राहतं ते त्याच्याखेरीज सगळ्या सभागृहाला दिसतं.

यातलं जे जमलंय त्याची तयारी बरीच आधीपासून चाललेली असते. परीक्षेच्या भागात विलचा दर डबा, दर घोट मोजत या. शेवट काय होणार हे तुम्हाला त्याच्या आधी कळतं आणि मग ते टळावं म्हणून तुम्हीच देव पाण्यात घालता. नुसती घाण दाखवून भागवलंय अशा जागाही आहेत, विशेषतः तिसऱ्या सीझनमध्ये. तिथे लेखक थकलेले दिसतात. अशा वेळी सरळ पुढे ढकला.

काही गोष्टी आज खटकतात, आणि खटकल्या पाहिजेत. नीलच्या वडिलांना समलिंगी ठरवून केलेली थट्टा भागामागून भाग चालते. तो काय आहे हे कुणाला माहीत नाही, पण तसा असणं हीच थट्टा मानलेली आहे. 'विनोदाचा रोख पोरांच्या अडाणीपणावर आहे' असा बचाव करता येतो आणि काही ठिकाणी तो खराही आहे. प्रत्येक ठिकाणी नाही. मुलींचंही तसंच. कार्ली आणि विलला आवडणारी शार्लट, दोघीही या चौघांपेक्षा शहाण्या दाखवल्यात, पण त्यांना स्वतःची गोष्ट अशी फारशी दिलेली नाही. विलच्या आईवरून चालणारे शेरे तर अठरा भाग थांबत नाहीत. २००८ च्या ब्रिटिश शाळेतली पोरं अशीच बोलत होती. ते मान्य करून बघा. अवघडलात म्हणून हसणं खोटं ठरत नाही, आणि हसलात म्हणून अवघडणंही.

सातवी पायरी: सिनेमे, आणि जे टाळायचं ते

शेवटच्या भागात सायमनचं कुटुंब वेल्समधल्या स्वान्झीला कायमचं राहायला निघालेलं असतं, म्हणून चौघं तंबू घेऊन बाहेर पडतात. पिवळ्या गाडीचं जे व्हायचं ते तिथे होतं. तो बघून झाला की एक दिवस मधे जाऊ द्या आणि मग २०११ चा सिनेमा लावा. चौघं ग्रीसमधल्या क्रीट बेटावर मालिया या गावी सुट्टीला जातात. स्वस्त विमान, भिकार हॉटेल, स्वस्त दारू. ब्रिटिश पोरांची शाळा संपल्यावरची ही ठरलेली वारी आहे. पहिल्या आठवडाअखेरीस ब्रिटनमध्ये या सिनेमाने १ कोटी ३० लाख पौंडांहून जास्त गल्ला केला होता. सिनेमा चांगला आहे, मालिकेपेक्षा जरा प्रेमळ. २०१४ चा दुसरा, ऑस्ट्रेलियातला, बघितला नाही तरी काही बिघडत नाही.

एमटीव्हीने २०१२ मध्ये अमेरिकेत याची नक्कल काढली होती. एका सीझनमध्ये गुंडाळली. चुकून ती लावू नका. प्रसंग तेच आहेत, पण अमेरिकन पोरं देखणी आणि आत्मविश्वासाची. हरल्यावर वाईट वाटावं इतकी ती मुळात हरलेली दिसतच नाहीत.

यानंतर काय

विल आवडला असेल तर सायमन बर्डची 'फ्रायडे नाइट डिनर' घ्या. ज्यू कुटुंब, दर शुक्रवारचं जेवण, आणि शर्ट काढून फिरणारा बाप. ही मात्र घरच्यांबरोबर थोडीफार चालेल. सायमन आवडला असेल तर जो थॉमसची 'फ्रेश मीट', युनिव्हर्सिटीत एका घरात राहणाऱ्या सहा जणांची. पोरं तीच, फक्त भाडं भरणारी. आणि मुलींच्या बाजूने हाच वाह्यातपणा बघायचा असेल तर 'डेरी गर्ल्स', १९९० च्या दशकातल्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरी या शहरातली. दारात सैनिक, शाळेत नन, आणि या पोरींना काळजी त्यांच्या भलत्याच गोष्टींची. तिला तुम्ही कितीही सरावलेले असा, सबटायटल बंद करू नका. डेरीचं इंग्रजी लंडनवाल्यांनाही एका फटक्यात कळत नाही.